कार्डाचा नंबर कोडवर कसा कोरायचा: टास्क बोर्ड आणि गिट रिपॉझिटरीची जोडणी

"अवो सर, बोर्डावर झालं म्हणतायसा, हितं तर जुनंच येतंय की!"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सुपरवायझरांचा हा फोन. आमचा टास्क बोर्ड (कामांची कार्डं कॉलमांत मांडलेला फळा) बघायची मुभा आम्ही त्यांना मोठ्या अभिमानानं दिली होती. रिजेक्शनच्या रिपोर्टमधली टक्केवारी चुकत होती, त्याचं कार्ड त्यांनी सकाळी 'डन'मध्ये बघितलं, रिपोर्ट काढला आणि तीच चूक पुन्हा छापून आली. कोड दुरुस्त झाला होता, मर्जही झाला होता, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला होता. मर्ज झाल्याबरोबर कार्ड आपोआप डनमध्ये सरकावं अशी जोडणी आदल्याच आठवड्यात मी हौसेनं केली होती. फक्त त्यांच्या शॉपफ्लोअरवरच्या सर्व्हरवर नवं बिल्ड (चालवायला तयार केलेला प्रोग्रॅम) चढवायला राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातून अजून कोणी गेलंच नव्हतं.

त्या फोननंतर मी सगळी जोडणी उसवून पुन्हा केली. ही दुसरी जोडणी बरीच वर्षं टिकली आहे, म्हणून ती पायरीपायरीनं लिहितोय. आमची टीम सात जणांची. कोल्हापूर परिसरात अशा टीम बऱ्याच आहेत. फाउंड्री, गूळ व्यापारी, दूध संस्था, दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या, आणि वेगळा प्रोजेक्ट मॅनेजर न परवडणाऱ्या. हे लिखाण त्यांच्यासाठी.

एक सूचना. कमांड आणि कीवर्ड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.

जोडणी म्हणजे नक्की काय

फाउंड्रीत भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटला (एका वेळी वितळवलेल्या मालाला) नंबर असतो आणि तो कास्टिंगवर उमटवतात. सहा महिन्यांनी तडा गेलेला भाग ग्राहकाकडून परत आला, तर त्या नंबरावरून त्या दिवसाचा स्पेक्ट्रोचा (धातूच्या तपासणीचा) रिपोर्ट काढता येतो, चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत, काय पडलं होतं तेही कळतं. नंबर पुसला गेला तर लोखंडाचा तुकडा तेवढा हातात राहतो.

कार्ड आणि कोडचं अगदी तसंच आहे. ही ओळ का बदलली, कोणी मागितली, कोणी तपासली, हे दोन वर्षांनी कळायचं असेल तर कार्डाचा नंबर कोडच्या बदलावर उमटलेला हवा. बाकी अॅप, इंटिग्रेशन, ऑटोमेशन ही सगळी त्या नंबराला शोधणारी आणि त्यावरून कार्ड हलवणारी यंत्रं. नंबरच नसेल तर महागातलं महाग टूलही काही जोडू शकत नाही. आणि नंबराची शिस्त असेल तर उद्या टूल बदललं तरी इतिहास तुमच्याकडे राहतो, कारण तो गिटमध्येच, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतच, लिहिलेला असतो.

कोणता बोर्ड, यावर फार वेळ घालवू नका

कोड गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या जागी) आहे, टीम लहान आहे आणि बोर्ड बघणारे बहुतेक जण कोड लिहिणारेच आहेत, तर गिटहब प्रोजेक्ट्स घ्या. बोर्ड आणि रिपॉझिटरी (कोडचं कोठार) एकाच घरात राहतात, त्यामुळे निम्मी जोडणी आयती मिळते. टेस्टिंग करणारे, सपोर्टचे फोन घेणारे, तासांचा हिशोब ठेवणारे असे वेगवेगळे लोक असतील तर जिरा हे टूल घ्या. त्याची मोफत योजना १० जणांपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच टीम त्यात बसतात. ट्रेलो आधीपासून वापरात असेल आणि लोकांना सवय झाली असेल तर ते मोडू नका, त्यालाही जोड देता येते. ट्रेलो २०१७ पासून जिरा बनवणाऱ्याच कंपनीकडे, अॅटलासियनकडे आहे, पण जोडणीच्या बाबतीत दोघांचा पिंड वेगळा. गिटलॅब वापरणाऱ्यांचं सोपं आहे, तिथे इश्यू (कामाची नोंद, म्हणजे आपलं कार्ड), बोर्ड आणि कोड पहिल्यापासून एकत्रच नांदतात.

एका प्रोजेक्टला दोन बोर्ड मात्र एकाच वेळी चालवू नका. "मोठी कामं जिरात, छोटी गिटहब इश्यूजमध्ये" असं आम्ही तीन महिने करून पाहिलं. शेवटी कोणतं काम मोठं यावरच चहाच्या गाड्यावर वाद व्हायचे.

पहिली पायरी: कॉम्प्युटर बंद ठेवून कागदावर कॉलम लिहा

एक आडवा कागद घ्या आणि काम मागितल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत ते कोणाकोणाकडून जातं ते लिहा. आमचे कॉलम पाच निघाले: करायचं, हातात, तपासणीत, मर्ज, साइटवर.

आता प्रत्येक दोन कॉलमच्या मधल्या रेघेवर लिहा, की काम पुढे सरकलं हे कोणाला आधी कळतं. 'करायचं'मधून 'हातात': ब्रँच (त्या कामापुरती कोडची वेगळी फांदी) निघाली की रिपॉझिटरीला कळतं. 'हातात'मधून 'तपासणीत': पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मर्ज करायची विनंती) उघडली की कळतं. 'तपासणीत'मधून 'मर्ज': हेही तिलाच कळतं. पण 'मर्ज'मधून 'साइटवर' हे रिपॉझिटरीला कळायचा मार्गच नाही, निदान आमच्यासारखं बिल्ड पेनड्राइव्हवर घेऊन मोटरसायकलवरून शिरोलीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तरी. ते कळतं जाणाऱ्या माणसाला. म्हणून ते कार्ड माणसानंच हलवायचं. तुमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल आणि मर्जनंतर आपोआप डिप्लॉय होत असेल, तर ती रेघही यंत्राकडे द्या. माझी पहिली चूक हीच होती. रिपॉझिटरीला जे माहीत नाही तेही मी तिला सांगायला लावलं.

हे दोन कॉलम वेगळे ठेवल्याची किंमत मला २०२१ च्या जुलैत कळली. पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि काही दिवस तिकडे जाणंच शक्य नव्हतं. घरून काम चालू होतं, कोड मर्ज होत होता आणि 'मर्ज'च्या कॉलममध्ये कार्डं साचत होती. रस्ता उघडल्यावर तिथे काय काय चढवायचं याची यादी करावी लागली नाही, कॉलमच यादी झाला होता.

प्रोजेक्ट की निवडताना

जिरामध्ये प्रत्येक प्रोजेक्टला मोठ्या इंग्रजी अक्षरांची एक की असते आणि कार्डाचा नंबर त्यावरून बनतो, उदाहरणार्थ एफडीआर-१४. ही की तीन-चार अक्षरांची आणि एरवी लिखाणात न येणारी हवी. आमच्या बिलिंगच्या प्रोजेक्टला कोणीतरी 'जीएसटी' की दिली होती. दिसायला छान. मग एकानं कमिट मेसेजमध्ये (कोडचा बदल गिटमध्ये नोंदवताना लिहायच्या टिपेत) 'जीएसटी-१८ स्लॅबची राउंडिंग दुरुस्त' असं लिहिलं. त्याला म्हणायचं होतं १८ टक्के, पण जिरानं तो कमिट १८ नंबरच्या कार्डाला नेऊन चिकटवला, आणि ते कार्ड होतं लॉगिन पानावरच्या लोगोचं. यूटीएफ, आयएसओ, एसएचए अशा कीसुद्धा टाळा. त्यांच्यापुढे रेघ आणि आकडा कोडच्या गप्पांत सहज येतो.

दुसरी पायरी: नंबर ब्रँचवर, मग कमिटवर

कार्ड हातात घेतलं की ब्रँच काढताना नावात नंबर पहिला घाला: एफडीआर-१४-रिजेक्शन-टक्केवारी. की मोठ्या अक्षरांतच. जिराच्या कार्डावरूनच ब्रँच काढायची सोय आहे, तिथून काढली तर नाव आपोआप नीट येतं. गिटहब इश्यूच्या उजव्या बाजूला डेव्हलपमेंट विभागातही 'क्रिएट अ ब्रँच' आहे. गिटलॅबमध्ये ब्रँचचं नाव इश्यूचा नंबर आणि रेघेनं सुरू झालं, तर मर्ज रिक्वेस्ट त्या इश्यूला आपोआप जोडली जाते.

ब्रँचवर नंबर असला तरी कमिट मेसेजमध्येही लिहा. ब्रँच मर्जनंतर डिलीट होते, कमिट राहतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात आमच्याकडची नवी मुलं हमखास पडतात. गिटहबचा नंबर #४२ असा हॅशनं सुरू होतो. गिट कमिट एवढंच लिहून एडिटर उघडला आणि पहिलीच ओळ '#४२ टक्केवारी दुरुस्त' अशी टाइप केली, तर गिट ती ओळ गाळून टाकतं. एडिटरमधली हॅशनं सुरू होणारी प्रत्येक ओळ त्याच्या लेखी टिप्पणी असते. दुसरं काही लिहिलेलं नसेल तर मेसेज रिकामा म्हणून कमिटच होत नाही. लिहिलेलं असेल तर आणखी वाईट, कारण मग कमिट होतो आणि नंबर गुपचूप गायब होतो. डॅश-एम लावून मेसेज तिथल्या तिथे दिला तर हे होत नाही, म्हणून "माझ्याकडे चालतंय की" असं एकजण म्हणतो आणि दुसरा डोकं खाजवतो. उपाय साधा आहे. नंबर ओळीच्या सुरुवातीला नको, आधी एक शब्द घाला: 'टक्केवारी दुरुस्त #४२'.

नंबर आठवणीनं लिहिण्यावर विसंबू नका, हुक (ठरलेल्या वेळी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) लावा. गिटमध्ये 'प्रिपेअर-कमिट-एमएसजी' नावाचा हुक आहे, मेसेजचा एडिटर उघडण्याआधी तो चालतो. त्यात चारपाच ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. 'गिट सिम्बॉलिक-रेफ --शॉर्ट हेड' या कमांडनं ब्रँचचं नाव घ्यायचं, त्यातून मोठी अक्षरं-रेघ-आकडे असा तुकडा ग्रेप या शोधायच्या कमांडनं काढायचा, तो मेसेजमध्ये आधीच असेल तर गप्प बसायचं, नसेल तर पुढे जोडायचा. नंबर सापडलाच नाही, म्हणजे कोणी थेट मेन ब्रँचवर असेल, तर हुकनं अडवू नये. रात्री अकराला तातडीची दुरुस्ती करणाऱ्या माणसाशी स्क्रिप्टनं भांडू नये असं माझं मत आहे. मर्जच्या कमिटलाही तो हात लावणार नाही एवढं बघा. हुकला दुसऱ्या पॅरामीटरमध्ये मेसेज कुठून आला ते कळतं, तिथे 'मर्ज' असेल तर बाहेर पडायचं.

अडचण एवढीच की डॉट-गिट फोल्डरमधले हुक रिपॉझिटरीबरोबर इतरांकडे जात नाहीत. म्हणून रिपॉझिटरीत एक वेगळा फोल्डर करा, हुक त्यात ठेवा, आणि प्रत्येकानं आपल्या मशीनवर एकदा 'गिट कॉन्फिग कोअर.हुक्सपाथ' पुढे त्या फोल्डरचं नाव देऊन चालवायचं. ही सोय गिटमध्ये २०१६ सालच्या २.९ आवृत्तीपासून आहे. जावास्क्रिप्टचं काम असेल तर हस्की नावाचं टूल हेच काम करतं. मॅक किंवा लिनक्सवर फाइलला एक्झिक्युटची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर हुक आहे पण चालत नाही. तासभर यातच जातो.

स्क्वॉश मर्ज वापरत असाल तर आणखी एक. स्क्वॉशमध्ये ब्रँचवरचे सगळे कमिट एकत्र होतात आणि इतिहासात एकच ओळ उरते. गिटहबवर ती ओळ बहुतेक वेळा पुल रिक्वेस्टच्या शीर्षकावरून येते. म्हणजे तुम्ही काळजीनं घातलेले नंबर मजकुरात खाली जातात किंवा मर्ज करणारा ते पुसून टाकतो. म्हणून शीर्षकात नंबर हवाच. रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये स्क्वॉशचा मेसेज नेहमी पुल रिक्वेस्टच्या शीर्षकावरून घ्यावा असंही ठरवता येतं, ते करून ठेवा.

तिसरी पायरी: गिटहब प्रोजेक्ट्सची जोडणी

प्रोजेक्ट ऑर्गनायझेशनखाली काढा, स्वतःच्या खात्याखाली नको. मग 'स्टेटस' या फील्डमध्ये आपले पाच कॉलम घाला. उजवीकडच्या तीन टिंबांच्या मेन्यूत 'वर्कफ्लोज' आहे, खरी जोडणी तिथे होते.

नव्या प्रोजेक्टमध्ये दोन वर्कफ्लो आधीपासून चालू असतात. आयटम बंद झाला की स्टेटस डन, आणि पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की तिचं स्टेटस डन. आमच्या शिरोलीच्या फोनचं मूळ हेच. तुम्ही 'डन'चं नाव बदलून 'साइटवर' केलंत तरी वर्कफ्लो तिकडेच कार्ड पाठवत राहील. दोन्ही उघडा आणि लक्ष्य 'मर्ज' करा.

'आयटम अॅडेड' ला 'करायचं' लावा. 'पुल रिक्वेस्ट लिंक्ड टू इश्यू' ला 'तपासणीत'. 'आयटम रीओपन्ड' ला 'हातात', कारण उघडलेलं काम पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसलं तर ते कोणीच बघत नाही. 'ऑटो-अॅड'मध्ये आपली रिपॉझिटरी निवडून फिल्टर द्या, म्हणजे नवे इश्यू आपोआप बोर्डावर येतात. ते चालू करण्याआधी असलेले इश्यू मात्र त्यानं येत नाहीत, ते एकदा हातानं घालावे लागतात. मोफत योजनेत असा एकच ऑटो-अॅड मिळतो, त्यामुळे दोन रिपॉझिटरी असतील तर जास्त गजबज असलेली निवडा.

'ऑटो-आर्काइव्ह' बंद ठेवा. ते बंद झालेले आणि काही दिवस न हललेले आयटम बोर्डावरून उचलतं. आमच्याकडे 'मर्ज'मधला इश्यू गिटहबच्या दृष्टीनं बंदच असतो. पंधरा दिवस साइटवर कोणी गेलं नाही तर बिचारं कार्ड चढवायचं राहिलेलं असतानाच नजरेआड होतं.

आता पुल रिक्वेस्ट आणि इश्यूची गाठ. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'फिक्सेस #४२' लिहिलं की ती त्या इश्यूला जोडली जाते आणि मर्ज झाल्यावर इश्यू बंद होतो. क्लोज, फिक्स, रिझॉल्व्ह या तीन क्रियापदांची इंग्रजीतली तिन्ही रूपं चालतात. दोन इश्यू असतील तर कीवर्ड दोनदा लिहायचा: 'फिक्सेस #४२, फिक्सेस #४५'. नुसतं 'फिक्सेस #४२, #४५' लिहिलं तर दुसरा उघडाच राहतो. इश्यू दुसऱ्या रिपॉझिटरीत असेल तर हॅशच्या आधी मालकाचं नाव, तिरकी रेघ आणि रिपॉझिटरीचं नाव.

आणि सगळ्यात जास्त लोकांना चकवणारी गोष्ट: हा कीवर्ड पुल रिक्वेस्ट डिफॉल्ट ब्रँचवर (रिपॉझिटरीत मुख्य म्हणून नेमलेल्या ब्रँचवर) जात असेल तरच चालतो. तुमची डिफॉल्ट 'मेन' आहे आणि रोजचं काम 'डेव्हलप'वर मर्ज होतं, तर कीवर्डकडे गिटहब बघतही नाही. ना गाठ बसते, ना इश्यू बंद होतो, ना कसली सूचना येते. अशी पद्धत असेल तर डिफॉल्ट ब्रँच 'डेव्हलप' करा, किंवा पुल रिक्वेस्टच्या उजव्या बाजूच्या डेव्हलपमेंट विभागातून इश्यू हातानं जोडा. आम्ही डिफॉल्ट बदलली.

इश्यू साइटवर चढेपर्यंत उघडाच राहावा असं कोणाला वाटत असेल, तर रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये जोडलेले इश्यू मर्जबरोबर बंद करण्याची खूण काढता येते. गाठ राहते, बंद होणं थांबतं. पण मग 'मर्ज' कॉलमकडे कार्ड हातानं न्यावं लागतं. मला ते महाग वाटलं.

चौथी पायरी: जिराची जोडणी

कोड गिटहबवर आणि बोर्ड जिरात असेल तर अॅटलासियनच्या मार्केटप्लेसमधून गिटहबचं अधिकृत अॅप बसवायचं. त्यासाठी एकाच वेळी दोन अधिकार लागतात, जिराच्या साइटचा अॅडमिन आणि गिटहब ऑर्गनायझेशनचा ओनर. लहान टीममध्ये हे दोघे वेगळे असतात आणि त्यातला एक नेमका लग्नाला गेलेला असतो. दोघांना शेजारी बसवा, पंधरा मिनिटांचं काम आहे. रिपॉझिटरी निवडताना 'सगळ्या' न म्हणता लागणाऱ्या तेवढ्याच द्या. जुना इतिहास जिरात उतरायला वेळ लागतो, तोवर पॅनेल रिकामं दिसलं तरी घाबरून अॅप काढून पुन्हा घालू नका.

जोडलं गेलं की ज्या कार्डाचा नंबर ब्रँच, कमिट किंवा पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात आहे, त्या कार्डावर डेव्हलपमेंट पॅनेल दिसतं. इथपर्यंत फक्त दिसणं झालं. कार्ड हलवायचं असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या ऑटोमेशनमध्ये नियम करा. ट्रिगर 'ब्रँच क्रिएटेड', कृती 'हातात'कडे ट्रान्झिशन. 'पुल रिक्वेस्ट क्रिएटेड' झाली की 'तपासणीत'. 'पुल रिक्वेस्ट मर्ज्ड' झाली की 'मर्ज'. प्रत्येक नियमात एक अट घाला, की कार्ड सध्या आधीच्या कॉलममध्येच असलं पाहिजे. नाहीतर साइटवर चढलेल्या कार्डावर कोणी छोटी दुरुस्ती म्हणून नवी ब्रँच काढली, की ते कार्ड उलट्या पावली 'हातात' येतं आणि सुपरवायझर पुन्हा फोन लावतात.

स्मार्ट कमिट हा जिराचा दुसरा रस्ता. कमिट मेसेजमध्येच हुकूम द्यायचा: 'एफडीआर-१४ #कमेंट शून्याने भागाकार टाळला', किंवा '#टाइम २एच ३०एम' म्हणजे अडीच तास नोंदले. तास भरायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी हे वरदान. पण तीन अटी लक्षात ठेवा. हुकूम एकाच ओळीत हवा. ट्रान्झिशनचं नाव द्यायचं ते कॉलमचं नव्हे, वर्कफ्लोमध्ये त्या बाणाला जे नाव आहे ते, आणि त्यात मोकळी जागा असेल तर तिथे रेघ. आणि कमिटवरचा ईमेल जिरातल्या त्या माणसाच्या ईमेलशी तंतोतंत जुळला पाहिजे.

हा ईमेल फार छळतो. आमच्या टेस्टिंगच्या ताई स्क्रिप्टही लिहितात. त्यांचे स्मार्ट कमिट दोन आठवडे कुठेच उमटत नव्हते. नंबर बरोबर, हुकूम बरोबर, पॅनेलमध्ये कमिटही दिसतोय, तास मात्र शून्य. शेवटी 'गिट लॉग' उघडून ओळ न ओळ बघितली. ऑथरच्या जागी त्यांचा ऑफिसचा ईमेल नव्हता, गिटहबचा 'नोरिप्लाय' पत्ता होता. ईमेल खासगी ठेवायची खूण त्यांनी गिटहबवर केली होती आणि गिटला तोच पत्ता दिला होता. रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये 'गिट कॉन्फिग युजर.ईमेल' पुढे ऑफिसचा ईमेल दिला आणि पुढच्या कमिटपासून तास उमटू लागले. ग्लोबल सेटिंगला हात लावायची गरज नाही, घरच्या प्रोजेक्टचा ईमेल वेगळा राहू दे.

स्मार्ट कमिटनं कार्ड हलवायला मात्र मी टीममध्ये बंदी घातली आहे. कमिट पुश झाला की हुकूम चालतो, मर्जची वाट तो बघत नाही. म्हणजे तपासणीला अजून कोणी हात लावलेला नाही आणि कार्ड शेवटच्या कॉलमात. कमेंट आणि तास स्मार्ट कमिटनं, हालचाल ऑटोमेशनच्या नियमांनी. एका कार्डाला दोन ड्रायव्हर नकोत.

ट्रेलोबद्दल थोडक्यात

बोर्डावर गिटहबची पॉवर-अप (ट्रेलोला लावायचं जोड-अॅप) घाला, खातं जोडा, मग प्रत्येक कार्डावरून ब्रँच, कमिट, इश्यू किंवा पुल रिक्वेस्ट चिकटवता येते आणि पुल रिक्वेस्टची अवस्था कार्डावर दिसते. चिकटवायचं काम हातानं करावं लागतं आणि मर्ज झालं म्हणून कार्ड आपसूक हलेल अशी अपेक्षा निव्वळ यावरून ठेवू नका. तीन-चार जणांच्या टीमला एवढं पुरतं.

स्वतःची जोडणी लिहायची असेल तर

आमच्या एका ग्राहकाचा स्वतःचा तक्रार नोंदीचा प्रोग्रॅम आहे, त्याला कोणतंच तयार अॅप नाही. तिथे वेबहुक, म्हणजे काही घडलं की गिटहबनं आपल्या सर्व्हरला पाठवायचा निरोप. रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये वेबहुक घालायचा, आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, फक्त 'पुल रिक्वेस्ट' ही घटना निवडायची आणि सिक्रेट द्यायचंच. गिटहब प्रत्येक निरोपाबरोबर त्या सिक्रेटवरून काढलेली सही हेडरमध्ये पाठवतं. ती जुळवून बघितल्याशिवाय पुढे काही करू नका, नाहीतर पत्ता सापडलेला कोणीही तुमची कार्डं हलवेल.

निरोपाला १० सेकंदांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून आला की नोंदवून लगेच 'मिळालं' म्हणा आणि खरं काम मागे रांगेत करा. तुमचा सर्व्हर बंद असताना आलेला निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. वेबहुकच्या पानावर 'रिसेंट डिलिव्हरीज'मध्ये लाल खूण दिसते, तिथून तीन दिवसांच्या आत पुन्हा पाठवता येतो. त्यामुळे एकच निरोप दोनदा येऊ शकतो हे धरून कोड लिहा. वीज गेली, इन्व्हर्टर उतरला असं आपल्याकडे होतच असतं. रोज सकाळी त्या पानावर एक नजर टाकायची सवय लावा.

गिटहब अॅक्शन्समधून (गिटहबवरच स्क्रिप्ट चालवायच्या सोयीतून) प्रोजेक्ट बोर्ड हलवायचा असेल तर तिथे आयतं मिळणारं गिटहब टोकन (प्रोग्रॅमला आत शिरायची किल्ली) चालत नाही, ते एका रिपॉझिटरीपुरतं असतं आणि बोर्ड तिच्या बाहेर. गिटहब अॅपचं किंवा प्रोजेक्टचा अधिकार असलेलं वेगळं टोकन लागतं.

टोकन कोणाच्या नावावर

याबद्दल माझी जुनी जखम आहे. पूर्वीच्या एका नोकरीत सगळी जोडणी एका सिनिअरच्या वैयक्तिक टोकनवर उभी होती. तो पुण्याला गेला, शिस्तीत त्याचं खातं काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बोर्ड पुतळ्यासारखा थिजला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चूक म्हणून काही दिसतच नव्हतं, फक्त कार्डं हलत नव्हती. मॅनेजरनी दोन मुलांना कामचुकार ठरवून झाल्यावर उलगडा झाला.

म्हणून टोकन माणसाच्या नावावर नको. शक्य तिथे गिटहब अॅप वापरा, ते ऑर्गनायझेशनच्या नावावर बसतं. वैयक्तिक टोकन टाळताच येत नसेल तर जोडणीसाठी वेगळं खातं काढा आणि टोकन संपायची तारीख बोर्डावरच कार्ड करून लावा.

सुरू करण्याआधी एक खोटं कार्ड

'चाचणी, हात लावू नये' असं कार्ड काढा आणि ते सगळ्या वाटेनं चालवा. ब्रँच काढा, जिरात कार्ड 'हातात' आलं का बघा; गिटहब प्रोजेक्ट्सवर ते हातानं न्या. रीडमी फाइलमध्ये एक टिंब वाढवून कमिट करा, नंबर आपोआप लागला का. पुल रिक्वेस्ट उघडा, मर्ज करा. मग मुद्दाम वेडंवाकडं वागा. पुल रिक्वेस्ट मर्ज न करता बंद करा, तेव्हा कार्ड 'मर्ज'मध्ये जाता कामा नये. इश्यू पुन्हा उघडा. बोर्डावर नसलेला नंबर लिहा. हे सगळं एका माणसानं न करता दोघांनी करा, त्यातला एक टीममधला सगळ्यात नवा हवा. अधिकारांच्या अडचणी त्याच्याच मशीनवर दिसतात, अॅडमिनच्या मशीनवर सगळं नेहमीच चालतं.

नंबराशिवाय पुल रिक्वेस्ट मर्जच होऊ नये असं वाटत असेल, तर शीर्षकात नंबर आहे का हे तपासणारी छोटी अॅक्शन लिहून ती अनिवार्य करता येते. खासगी रिपॉझिटरीत ब्रँच प्रोटेक्शनसाठी गिटहबची पैशाची योजना लागते. आम्ही पैसे वाचवले, अॅक्शन नुसती लाल फुली दाखवते. पुरेशी लाज वाटते.

जुनी कार्डं जोडत बसू नका. आजपासून पुढचीच धरा.

महिन्यातून एकदा मी गिटहबच्या शोधात 'इज:पीआर इज:मर्ज्ड -लिंक्ड:इश्यू' टाकतो. कोणत्याही इश्यूला न जोडलेल्या, पण मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट त्यात निघतात. गेल्या शनिवारी तीन निघाल्या. एक माझीच होती. दुसरी लायब्ररी अपडेटची. तिसरी वजनकाट्याच्या पावतीवरचा मराठी फाँट मोठा करणारी, आणि तिचं कार्ड कोणी काढलंच नव्हतं. शिरोलीच्या त्याच सुपरवायझरांनी आमच्या मुलाला गेटवर गाठून तोंडी सांगितलं होतं, "दादा, चष्म्याशिवाय वाचता येईल असं करा की." कार्ड मी त्या दिवशी काढलं, पुल रिक्वेस्ट जोडली आणि ते 'मर्ज'मध्ये ठेवलं, कारण पावती अजून लहानच छापतेय. मंगळवारी कोणीतरी जाईल.